बिघडलेला माल आणि नको झालेला माल एक नाही: ऑनलाइन विक्री चालवणाऱ्यांना खुलं पत्र

ऑनलाइन विक्रीचे प्लॅटफॉर्म चालवणाऱ्या, तिथल्या रिटर्न-रिफंडच्या पॉलिसी लिहिणाऱ्या आणि कस्टमर केअरवाल्यांनी काय उत्तर द्यायचं ते ठरवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

"आपली रिटर्न विंडो संपलेली आहे, त्यामुळे या ऑर्डरवर रिफंड देता येणार नाही." हे वाक्य मला दोन महिन्यांत अकरा वेळा ऐकावं लागलं. चॅटवर, मेलवर, फोनवर, प्रत्येक वेळी शब्दसुद्धा तेच. शेवटच्या वेळी ज्या मुलीने फोनवर ते वाचून दाखवलं तिचा आवाज अवघडलेला होता, मी काय म्हणतेय ते तिला कळत होतं, पण तिच्या समोरच्या स्क्रीनवर तिला दाबायला दुसरं बटणच नव्हतं. तिच्याशी भांडून काय होणार. म्हणून ज्यांनी ती स्क्रीन बनवली आणि ते वाक्य लिहिलं त्यांना हे पत्र लिहितेय. एका कंपनीला नाही, सगळ्यांना, कारण ओळखीच्या ज्या ज्या माणसाला मी हे सांगितलं त्याच्याकडे याच साच्यातली स्वतःची एक गोष्ट होती, फक्त प्लॅटफॉर्म वेगळा आणि वस्तू वेगळी.

माझी वस्तू म्हणजे शिलाई मशीन. आईसाठी मागवलं होतं. तिचं जुनं मशीन पायाने चालवायचं होतं आणि आता तिचे गुडघे दुखतात, म्हणून मोटरवालं घ्यायचं ठरवलं. पंधरा दिवस रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ बघितले, तिला दाखवले, मग ऑर्डर केली. मशीन वेळेवर आलं, बॉक्स व्यवस्थित, सील व्यवस्थित, उघडताना मी व्हिडिओ काढला (हल्ली काढावाच लागतो असं सगळे सांगतात म्हणून), आतमध्ये सगळे पार्ट होते. बॉबिन केसमध्ये (खालच्या दोऱ्याचं बॉबिन बसतं त्या डबीत) निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला होता, फॅक्टरीत टेस्ट करून पाठवत असतील असं समजून मी तो चिमट्याने काढून टाकला. या दोऱ्याचं पुढे सांगते.

तिसऱ्या दिवशी आईने पातळ सुती कापडावर शिवून बघितलं, छान चाललं. पाचव्या दिवशी तिने पँटची खालची दुमड शिवायला घेतली आणि टाके सुटायला लागले. चार टाके पडायचे, मग बोटभर गॅप, मग परत दोन टाके, आणि खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता. आई चाळीस वर्षं शिवतेय, पण तिने पहिल्यांदा दोष स्वतःलाच दिला, म्हणाली मला हे नवीन मशीन जमत नसेल. मग आम्ही सुई बदलली, जाड कापडाची घातली, दोरा परत ओवला, त्याचं टेन्शन कमी-जास्त करून बघितलं, बॉबिन काढून साफ करून घातलं, पुस्तिकेत जे जे लिहिलंय ते सगळं केलं. तरी टाके सुटतच होते. ज्यांनी कधी मशीन चालवलं नाही त्यांच्यासाठी सांगते, सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा दोऱ्याचा एक छोटा फास तयार होतो आणि आतल्या हुकाने तो नेमक्या त्याच क्षणी पकडायचा असतो, तो क्षण जरासा जरी मागेपुढे झाला तर टाका पडतच नाही. त्याला टायमिंग गेलं म्हणतात. पातळ कापडावर एखादवेळी निभावून जातं, जाड कापडावर लगेच कळतं. ही चूक वापरणाऱ्याच्या हातची नव्हती, मशीन तसंच आलं होतं.

रिटर्न विंडो होती दहा दिवसांची. मी सहाव्या दिवशी तक्रार टाकली. हे मुद्दाम लिहितेय, सहाव्या दिवशी. कारणांच्या यादीत "वस्तू खराब आहे" निवडलं तर लगेच "डॅमेजचा फोटो अपलोड करा" आलं. आता सुटलेल्या टाक्याचा फोटो कसा काढायचा? तरी मी शिवलेल्या कापडाचे जवळून फोटो काढून पाठवले, टाके कुठे सुटले ते गोल करून. उत्तर आलं की फोटोमध्ये प्रॉडक्टला डॅमेज दिसत नाही. मग व्हिडिओ काढला, तर अपलोडच्या लिमिटपेक्षा मोठा, तो कापून तीन तुकड्यांत पाठवला. सातव्या दिवशी मेसेज आला की रिटर्न घेण्याआधी टेक्निशियन तपासणी करेल. ठीक आहे म्हटलं, करू दे. टेक्निशियनची तारीख मिळाली बाराव्या दिवसाची.

बाराव्या दिवशी तो आला, मशीन प्लगला लावलं, पेडल दाबलं, मोटर फिरली, सुई वरखाली झाली, त्याने फोटो काढला आणि फॉर्मवर "दोष आढळला नाही" असं लिहिलं. दोरा न ओवता! आईने त्याला हातात जाड कापड दिलं, म्हणाली भाऊ एकदा यावर शिवून बघ ना, तर तो म्हणाला ताई, आमच्या चेकलिस्टमध्ये मशीन ऑन होतं का आणि मोटर चालते का एवढंच आहे. मी त्याला दोष देत नाही, त्याला दिवसात किती घरं करायची असतात ते त्याच्या धावपळीवरून दिसत होतं. पण तुम्हाला विचारते, शिलाई मशीनची तपासणी न शिवता करायची ही चेकलिस्ट कुणी बनवली? त्याच संध्याकाळी माझ्या तक्रारीचं तिकीट क्लोज झालं. मी परत उघडलं तर ते वाक्य आलं, रिटर्न विंडो संपलेली आहे. दहा दिवसांतले सहावा ते दहावा हे पाच दिवस तुमच्याच टेक्निशियनची वाट बघण्यात गेले आणि ते मोजले माझ्या खात्यात.

इथून पुढचे दोन महिने कसे गेले ते सगळं लिहीत बसत नाही, मेल, फोन, "एस्कलेट केलं आहे", "४८ तासांत कळवू", तेच ते. मधे एकदा विक्रेत्याशी बोला म्हणून सांगितलं, त्याचा दिलेला नंबर बंद. प्लॅटफॉर्म म्हणतो आम्ही फक्त मध्यस्थ. पण जाहिरात तुमच्या अ‍ॅपवर बघितली, पैसे तुम्हाला दिले, बॉक्सवर तुमची टेप, आणणारा तुमचा माणूस, मग बिघाड निघाला की नेमके तेवढ्यापुरते तुम्ही बाजूला कसे होता? शेवटी एकदा ऑफर आली, ती म्हणजे "सदिच्छा म्हणून" किमतीच्या साधारण निम्मी रक्कम वॉलेटमध्ये, तीन महिन्यांत वापरायची. मी नाही म्हटलं. मी बँकेतले पैसे दिले होते, तुमच्या दुकानाची कुपनं नव्हती दिली, आणि ज्या दुकानाने मला फसवलं तिथेच परत खरेदी करायची सक्ती कशासाठी.

आता मुख्य मुद्दा. मला जे सांगायचंय ते खरं तर एवढंच आहे की तुम्ही दोन एकदम वेगळ्या गोष्टी एकाच बटणाखाली घातल्यात. एक म्हणजे, वस्तू चांगली आहे पण मला नको झाली, रंग आवडला नाही, साइज चुकली, मन बदललं. दुसरी म्हणजे, वस्तू बिघडलेलीच आली. पहिल्या बाबतीत सात दिवस, दहा दिवस अशी मुदत ठेवायला तुम्ही मोकळे आहात, माझी काही तक्रार नाही, मन बदलायला दहा दिवस पुष्कळ झाले. पण दुसऱ्या बाबतीत मी माल "परत" करत नाहीये, तुम्ही जे विकलं ते मला अजून मिळालेलंच नाही! शिवणारं मशीन विकलं, न शिवणारं पाठवलं. त्याला दहा दिवसांचं घड्याळ कसं लागू होईल? बिघाड काही तुमचं कॅलेंडर बघून बाहेर येत नाही. पंखा पहिल्या दिवशी फिरतो आणि विसाव्या दिवशी बेअरिंग वाजायला लागतं, बॅटरी पहिला आठवडा नीट चालते आणि मग फुगते, बुटाचा सोल पहिल्या पावसात सुटतो.

आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, जगात ठिकठिकाणच्या कायद्यांनी हा फरक कधीच केलेला आहे. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता परत करायला १४ दिवस आहेत, तो मन बदलण्याचा हक्क. आणि दोषासाठी वेगळा नियम आहे, विक्रेता डिलिव्हरीपासून २ वर्षं जबाबदार, आणि पहिल्या १ वर्षात जो दोष दिसेल तो वस्तू हातात आली तेव्हापासूनच होता असं धरून चालायचं, नसेल तर ते विक्रेत्याने सिद्ध करायचं. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यात सदोष वस्तू नाकारून पूर्ण पैसे परत मागायला ३० दिवस आहेत, आणि ते दिवस उलटले तरी दुरुस्ती किंवा बदलून मागण्याचा हक्क संपत नाही, तिथेही पहिल्या ६ महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच मानतात. ऑस्ट्रेलियात दोष मोठा असेल तर रिफंड घ्यायचा की रिप्लेसमेंट हे गिऱ्हाईक ठरवतं, आणि "रिफंड मिळणार नाही" अशी सरसकट पाटी लावणंच बेकायदेशीर आहे. भारतात २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचा असतो. संयुक्त राष्ट्रांची ग्राहक संरक्षणाची तत्त्वं १९८५ सालची, २०१५ मध्ये ती सुधारली तेव्हा त्यात स्पष्ट घातलं की ऑनलाइन घेणाऱ्याला मिळणारं संरक्षण इतर खरेदीपेक्षा कमी असता कामा नये.

यातलं "सिद्ध कुणी करायचं" हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण वस्तू कशी बनली, कुठल्या गोडाऊनमध्ये किती दिवस पडली होती, त्याच बॅचच्या किती तक्रारी आल्या, हे सगळं तुमच्याकडे आहे. माझ्याकडे काय आहे? एक फोन आणि शिवलेलं कापड. तरी पुरावा मी द्यायचा, आणि तोसुद्धा तुम्ही सांगाल त्याच प्रकारचा. अनबॉक्सिंग व्हिडिओ मागता, पण त्यातून फक्त फुटलेली काच किंवा रिकामा बॉक्स कळतो, आतला बिघाड कसा कळेल? माझ्याकडे व्हिडिओ होता आणि तो तुमच्याच बाजूने वापरला, "व्हिडिओमध्ये वस्तू सुस्थितीत दिसते" असं उत्तर आलं. हे वाचून मी खरंच रडले होते, पैशासाठी नाही, तर आई शेजारी बसून विचारत होती की आपण काही चुकीचं केलं का गं.

मला माहितीय तुमचं उत्तर काय असतं. लोक फसवतात, घालून वापरून कपडे परत करतात, बॉक्समध्ये भलतंच भरून पाठवतात. हो, करतात, आणि त्याचा त्रास छोट्या विक्रेत्यांना होतो हेही खरं आहे, माझी एक मैत्रीण स्वतः हाताने बनवलेल्या बॅगा ऑनलाइन विकते आणि तिच्याकडून मी हे ऐकलंय. पण कोण वारंवार असं करतं ते तुमच्या सिस्टीमला दिसतं, मला कुठल्या जाहिराती दाखवायच्या ते तर तुम्हाला बरोबर कळतं. माझ्या अकाउंटवर सहा वर्षांत ही पहिली तक्रार होती. काही लोक लबाडी करतात म्हणून प्रत्येक तक्रार करणाऱ्याला लबाड धरून सुरुवात करायची, हे मला मान्य नाही.

शेवटी मला पैसे मिळाले ते तुमच्यामुळे नाही, बँकेमुळे. हे बाकी वाचणाऱ्यांसाठी जरा नीट सांगते कारण मलाही ते उशिरा कळलं. कार्डने पैसे दिले असतील तर आपल्या बँकेकडे त्या व्यवहारावर डिस्प्यूट टाकता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात, आणि वस्तू सदोष निघाली किंवा वर्णनासारखी नाही हे त्यासाठी मान्य असलेलं कारण आहे. मोठ्या कार्ड नेटवर्कमध्ये यासाठी मुदत साधारण १२० दिवसांची असते, पण बँकेला लवकर विचारलेलं बरं. आधी विक्रेत्याकडे प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं, म्हणून चॅटचे स्क्रीनशॉट पहिल्या दिवसापासून ठेवा, चॅट बंद झाल्यावर बऱ्याचदा परत दिसत नाही. फोनवर बोललात तर लगेच एक मेल टाका की आज अमुक वाजता असं असं बोलणं झालं. मी सहाव्या दिवसाची तक्रार, टेक्निशियनचा फॉर्म, टाके सुटल्याचे फोटो आणि ओळखीच्या मशीन रिपेअरवाल्याने कागदावर लिहून दिलेलं "हुकचं टायमिंग आऊट" हे सगळं जोडलं. बँकेने विक्रेत्याच्या बँकेमार्फत उत्तर मागवलं, तिकडून समाधानकारक काही आलं नाही, पैसे परत आले. पण ज्यांनी डिलिव्हरीच्या वेळी रोख दिले त्यांनी काय करायचं? ज्यांना चार्जबॅक हा शब्दच माहीत नाही त्यांनी? आई एकटी असती तर तिने दुसऱ्याच मेलनंतर सोडून दिलं असतं, आणि मला वाटतं तुमचा हिशोब त्यावरच चालतो, की दहातले बरेच जण दमून सोडून देतील.

म्हणून काही गोष्टी मागतेय, आणि यातली एकही अशी नाही जी तुम्हाला जमणार नाही. "नको झालं" आणि "बिघडलेलं आहे" ही दोन बटणं वेगळी करा, आणि दुसऱ्याला रिटर्न विंडो लावू नका, वस्तू ज्या देशात विकली तिथल्या कायद्याची मुदत लावा आणि ती ऑर्डरच्या पानावर लिहा. तक्रार टाकली त्या क्षणी घड्याळ थांबलं पाहिजे, तुमचा माणूस उशिरा आला तर तो उशीर तुमचा. तपासणी म्हणजे वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम करून बघणं, मशीन असेल तर शिवून, पंखा असेल तर तासभर फिरवून, आणि तक्रार नाकारली तर नेमकं काय तपासलं ते लेखी द्या. पैसे ज्या रस्त्याने आले त्याच रस्त्याने परत जाऊ देत, वॉलेट हवं असेल तर गिऱ्हाईक स्वतः मागेल. सदोष माल परत नेण्याचा खर्च गिऱ्हाइकाकडून घेऊ नका. आणि फोनवरच्या त्या मुलीला एक बटण द्या, ज्याने ती म्हणू शकेल की हो, हे बरोबर आहे, मी मंजूर करते. तिला ते दाबायचं होतं.

आता ते मशीन. पैसे परत आले म्हणजे ते माझं नाही, म्हणून मी चार वेळा कळवलं की पिकअपला माणूस पाठवा, तर उत्तर येतं ऑर्डर क्लोज आहे, पिकअप लावता येत नाही. थर्माकोलसकट मूळ बॉक्समध्ये पॅक करून ते दाराजवळ ठेवलंय, आई रोज त्याला वळसा घालून जाते. ते घेऊन जा. पण एक विनंती आहे. तो निळा दोरा आठवतोय ना, जो मी पहिल्या दिवशी काढून टाकला होता, तो फॅक्टरीतला होता की माझ्याआधी कुणीतरी याच मशीनवर जाड कापड शिवून बघून, वैतागून परत पाठवलं होतं, हे मला कधीच कळणार नाही, तुम्हाला मात्र सिरीयल नंबरवरून दोन मिनिटांत कळेल. बघा आणि मला कळवा. आणि हे मशीन दुरुस्त न करता नवीन म्हणून पुढच्या कुणाला पाठवू नका. मी बॉबिन केसच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली आहे, "टायमिंग गेलेलं आहे, जाड कापडावर टाके सुटतात, तुमची काही चूक नाही", खाली तारीख घातली आहे.

आपली,
एक गिऱ्हाईक